चित्रात नसलेली आई

मंगळवारी दुपारी मनोरुग्णालयातल्या बायकांच्या वॉर्डात लांब टेबलावर कागद आणि खडू मांडले जात. चित्रांतून मनाचे उपचार कसे करायचे, हे शिकणारी एक तरुणी तिथे शिकाऊ म्हणून येई. बायका तिला चित्रताई म्हणत. सगळ्यांच्या आधी येऊन बसे ती शिवणबाई, एके काळी घरी कपडे शिवून देणारी. तिला बरी होऊन सहा वर्षं झाली होती. डॉक्टरांनी तसं लिहूनही दिलं होतं. न्यायला मात्र कोणी आलं नव्हतं.

शिवणबाई दर खेपेला आपलं घरच काढी. जेवायला बसलेले नवरा, सासू आणि लहान मुलगी.

"यात तुम्ही कुठे आहात?" चित्रताईने एकदा विचारलं.

"मी वारले ना," खडूचं टोक पुसत ती म्हणाली. "मुलगी नऊ वर्षांची होती तेव्हा. पोरीला तसं सांगितलंय, म्हणून हे येऊन सांगून गेले. वेड्या आईच्या मुलीला कोण करून घेणार? आई मेलेली असली तर कोणाचं काही अडत नाही."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"हो म्हटलं."

त्या दिवशी घरी जेवताना आपल्या पाठीमागे कोणीतरी ताटकळत उभं आहे, असं चित्रताईला वाटत राहिलं. दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरांना गाठलं आणि नवऱ्याला बोलावणं गेलं.

तो इस्त्रीच्या शर्टात, घाम पुसत आला. "मी वाईट माणूस नाही हो. पोरीचं लग्न ठरलंय. आता ही उठून आली, तर मी तोंड कुठे लपवू?"

चित्रताई शिवणबाईकडे वळली. "तुम्हाला काय वाटतं?"

वॉर्डातल्या बारा वर्षांत तिला हे कोणी विचारलं नव्हतं. ती बराच वेळ पदराचा काठ चाचपत राहिली.

"तिला सांगा, मी आहे. नाहीतर मी पत्र लिहीन."

"लग्न मोडेल."

"माझ्या मरणावर उभं असेल, तर मोडू दे."

नवरा निघून गेला. आठवडाभर वाट पाहून शिवणबाईने पत्र लिहिलं.

तीन आठवड्यांनी मुलगी एकटीच आली. दारातच थबकली.

"लग्न मोडलं माझं," ती म्हणाली.

शिवणबाईची मान खाली गेली. मुलगी हळूहळू जवळ आली. एक बोट पुढे करून तिने आईच्या मनगटाला लावलं, झटकन मागे घेतलं, पुन्हा लावलं.

"गरम आहे," ती चित्रताईला म्हणाली, आणि तिथेच खाली बसली.

त्या वॉर्डात बऱ्या झालेल्या आणखी सतरा बायका आहेत. चित्रताईने सतराही पत्त्यांवर बोलावणी धाडली आहेत. कोणाच्या घरी कोण मेलेलं आहे, ते ज्याचं त्याला ठाऊक.