निशाणापाशी उभं शिंगरू

माझा भाऊ नरहरी मैनेबद्दल बोलायला लागला की समोरच्याने आधी चहा मागवून ठेवावा, लवकर सुटका नाही. मैना म्हणजे त्याची घोडी. मुंबईच्या रेसकोर्सवरून पायाच्या दुखण्यापायी काढून टाकलेली, आणि या हातातून त्या हातात जात आमच्या किनाऱ्यावर पोचलेली. एरवी ती बोईसरला कारखान्यातल्या लोकांच्या वराती करायची आणि रविवारी पुळणीवर शहरातल्या पोरांना पाठीवर घेऊन चालायची. पण नरहरीच्या लेखी ही सगळी पोटापुरती कामं.

"रेसचं रगत हाय तिच्यात," तो म्हणायचा. "पळण्यातच जीव हाय तिचा. कुणाला पुढं जाऊ देणार नाय."

मी त्याची थोरली बहीण, सफाळ्याला दिलेली. त्याच्यापुढे गप्प बसायचा माझा स्वभाव नाही. "अरे, मग वाडीत मोकळी सोडलीस की चिकूखाली उभी राहून गवत का खाते? पळत का नाय?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "ताई, तुला म्हशीतलं कळतं. घोड्यातलं नाय." माझ्या सासरी म्हशी आहेत, त्यावरून हा टोमणा.

दोन वर्षांपूर्वी त्याने जत्रेच्या शर्यतीत मैनेला उतरवलं होतं. अर्ध्या वाटेत ती चक्क चालायला लागली. किनारा हसून लोटपोट झाला, आणि तेव्हापासून गावाने माझ्या भावाचं नाव 'वरातवाला' ठेवलं. टपरीवर, बाजारात, कुठेही गेला तरी कुणीतरी तोंडाने बँड वाजवायचं. नरहरी हसण्यावारी न्यायचा, पण मी त्याला लहानपणापासून ओळखते. ते त्याला आत लागलं होतं.

गेल्या साली मैना गाभण होती. या साली तिला शिंगरू झालं, तपकिरी, कपाळावर पांढरा पट्टा. आमच्या जत्रेत पाजती घोडी शर्यतीला असेल तर तिचं शिंगरू पलीकडच्या टोकाला, निशाणाच्या बांबूपाशी, घरच्या बाईने धरून ठेवायचं अशी रीत आहे. नरहरीने सरावाला तसं करून पाहिलं. मंदावहिनी शिंगरू घेऊन निशाणापाशी उभी राहिली आणि मैना अशी सुटली की बघणाऱ्यांची तोंडं उघडीच राहिली. आता कुणालाही वाटेल की आई लेकराकडे धावली. माझ्या भावाने फोन करून मला सांगितलं, "ताई, तिच्या अंगातली रेस जागी झाली!"

जत्रेच्या आदल्या दिवशी दुपारी मी पोचले, तेव्हा मैनेचं खिंकाळणं रस्त्यापासूनच ऐकू येत होतं. गोठ्यात ती सारखी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरत होती. कान टवकारलेले, अंग घामाने ओलं. नरहरी दारात उभा राहून कौतुकाने बघत होता.

"बघ, कशी फुरफुरतेय. उद्या शर्यत हाय हे कळलंय तिला."

वहिनी चुलीपाशी पाठ करून बसली होती. मी जवळ गेले तर हळूच म्हणाली, "वन्सं, शिंगरू गेलं."

परवा मैना बोईसरला वरातीत होती. इकडे शिंगराचं पोट फुगलं आणि बघता बघता ते आटोपलं. वहिनीने फोन केला. नरहरी मैनेला वरातीतच ठेवून मोटारसायकलने आला, सुरूच्या बनात खड्डा खणला, शिंगराला पुरलं, गोठा धुऊन काढला, आणि मगच घोडी घरी आणली. तिला काही दिसू दिलं नाही. तेव्हापासून ती हाका मारत होती.

माझं डोकंच फिरलं. "नरहरी, आमच्याकडं रेडकू मेलं तरी ते म्हशीपुढं ठेवतात. ती चाटते, हुंगते, मग तिला समजतं. तू हिला हुंगू पण दिलं नायस?"

"दाखवलं असतं तर खाणं टाकलं असतं तिनं. शर्यत तोंडावर आलेली."

"मग नको उतरवू. तिची कास बघ, दगडासारखी झालीय."

"ताई, ती पळण्यासाठी पळते. शिंगराचा काय संबंध?"

वहिनी उठून गोठ्यात गेली आणि तिने कासेला हात लावायचा प्रयत्न केला. मैनेने लाथ उगारली. वहिनी तशीच उभी राहिली आणि नवऱ्याला म्हणाली, "एवढं ऐका माझं. ही मरंल." लग्नाला इतकी वर्षं झाली, मी तिला त्याच्यासमोर कधी काही मागताना पाहिलं नव्हतं. नरहरी खुंटीवरचा लगाम काढून पुसायला लागला.

दुसऱ्या दिवशी ओहोटी लागली तशी माणसं किनाऱ्यावर जमली. वाणगावपासून लोक आले होते. मी आणि वहिनी निशाणाकडे निघालो, तर तिथे सालवडचा शैलेश एक शिंगरू घेऊन उभा. तपकिरी, तसंच, आणि कपाळावर पांढरा पट्टा. जवळ जाऊन बघते तर पट्टा चुन्याचा. अजून पुरता वाळलाही नव्हता.

"नरहरीभाऊनं मागितलं आजच्यापुरतं. पट्टा पण त्यांनीच काढला," शैलेश म्हणाला. "काकी, तुमी फक्त धरून उभ्या राहा."

ज्या माणसाने काल मला शिंगराचा काय संबंध म्हणून विचारलं, त्याने स्वतःच्या बोटाने दुसऱ्याच्या पिल्लाला चुना लावला होता. म्हणजे त्याला माहीत होतं. सगळं माहीत होतं आणि तरीही तो ते तोंड भरून बोलत होता. माझ्या भावाची एवढी किळस मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

वहिनीने दोरी हातात घेतली नाही. शैलेशनेच धरली. पण शिंगरू कुठे आणि कुणाच्या हातात, याने लांबून बघणाऱ्या मैनेला काय फरक पडणार होता?

शर्यत सुटली. पाच घोडे होते, पण मला एकच दिसत होती. नरहरी अंगाने काडी, तो तिच्या मानेवर वाकून बसला होता, आणि त्याला काहीही करावं लागत नव्हतं. चाबूक कमरेलाच खोचलेला. मैना वाळू उडवत, ओरडत येत होती. धावता धावता घोडी ओरडते हे मी पहिल्यांदा ऐकलं. बाकीचे घोडे कुठल्या कुठे मागे पडले. लोक "वरातवाला! वरातवाला!" करत नाचायला लागले, आणि या खेपेला त्यात चेष्टा नव्हती.

निशाणापाशी नरहरी खाली उडी मारून उतरला. कुणीतरी त्याच्या गळ्यात हार घातला, दोघांनी त्याला खांद्यावर उचललं. मैना शिंगराकडे गेली. धापा टाकत तिने त्याच्या पाठीवर नाक टेकवलं, मग मानेवर, मग शेपटीखाली. ते पिल्लू बिचारं भुकेलं असेल, कासेत तोंड घालायला गेलं. तिने त्याला दातांनी ढकलून दिलं. तिच्या नाकाला चुना लागला होता. तिने मान वर केली, चारी बाजूंना बघितलं, एक लांब हाक मारली आणि सुटली.

लगाम लोंबतोय, पाठीवर कुणी नाही, मागे कुणी नाही, पुढे कुणी नाही. किनाऱ्यावरून एकटी भरधाव.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हो, टाळ्या! "काय हौस बघा! शर्यत संपली तरी पळतेय!" माझ्या शेजारचा एक माणूस मोबाइलवर चित्रण करत म्हणाला, "ये होता है असली खून." आणि खांद्यावर बसलेला माझा भाऊ हात उंचावून ओरडला, "बोललो नव्हतो मी?"

ती घराच्या दिशेने चालली होती. किनाऱ्याने सरळ गेलं की आमची वाडी, पण मधे खाडीच्या तोंडाशी काळा खडक लागतो, शेवाळलेला. माणूसही तिथून चप्पल हातात घेऊन जातो. वहिनी पळायला लागली, तिच्यामागे मी. धाप लागून मी दोनदा बसले.

आम्ही पोचलो तेव्हा मैना खडकांच्या फटीत कुशीवर पडली होती. पुढचा पाय गुडघ्याखाली मोडून भलतीकडे वळला होता. हाड बाहेर आलं होतं. ती उठायला बघायची आणि पुन्हा आपटायची.

मागून माणसं आली, नरहरी आला. बोईसरहून जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. भरती सुरू झाली होती. डॉक्टर आले, त्यांनी पाय बघितला आणि मान हलवली. "इंजेक्शन द्यावं लागेल," ते म्हणाले. "हिला असं ठेवणं पाप आहे."

नरहरीच्या गळ्यात हार तसाच होता. तो मला म्हणाला, "ताई, हौसच नडली गं तिची." मी त्याच्या थोबाडीत मारली. सगळ्या गावासमोर मारली, आणि त्याने गालाला हातसुद्धा लावला नाही.

डॉक्टर सुई भरत होते तेवढ्यात वहिनी पाण्यात गुडघे टेकून मैनेच्या मागच्या पायांपाशी बसली. "काकी, लाथ बसेल," शैलेश ओरडला. वहिनीने ऐकलं नाही. तिने कासेला हात घातला आणि दूध काढायला लागली. आधी थेंब, मग धार. दूध खडकावर पडायचं आणि लाटेबरोबर निघून जायचं. मैनेने लाथ मारली नाही. तिचं धडपडणं थांबलं, कान सैल पडले, आणि ती नाकातल्या नाकात हळू घुरघुरली. शिंगरू प्यायला लागलं की घोडी अशी घुरघुरते.

"बाई, हात काढा आता," डॉक्टर म्हणाले.

"तुमी द्या सुई," वहिनी म्हणाली. "मी नाय काढणार."