पासष्ट किलो

पन्नास

"सोडा काकू, सोडा. पाठ वाकतेय."

तिने सोडली नाही. दांडी गुडघ्यापर्यंत आली, तिथे थरथरली आणि धाडकन खाली आदळली. व्यायामशाळेच्या आरशासमोरची दोन पोरे वळून बघू लागली आणि पुन्हा आपापल्या दंडांत रमली.

शिकवणारी मुलगी वयाने तिच्या लेकीहून लहान. तिने दोन्ही टोकांच्या छोट्या चकत्या काढून घेतल्या. उरले पन्नास. पन्नास उठत होते. त्यावर बशीएवढी चकती चढली की दांडी गुडघ्याशी अडायची. किती आठवडे हेच चालले होते. मुलीचे म्हणणे, अडले की चाळीसला मागे यायचे आणि मग हळूहळू पुढे. घाई करून ताकद येत नसते, अंगाला कळू द्यायचे असते.

"अंगाला कळतंय गं," ती म्हणाली. "माझ्या लेकीला कोण सांगणार?"

रिकामी दांडी

सुरुवात रिकाम्या दांडीने झाली होती. त्याआधीची सुरुवात न्हाणीघराच्या दारात.

पक्षाघाताच्या झटक्याने नवऱ्याची उजवी बाजू गेली होती. तिने त्याच्या काखेत हात घालून त्याला उठवले आणि दोघेही फरशीवर आपटले. शेजारी येईपर्यंत दोघे तसेच बसून होते, एकमेकांवर चिडत. त्या दिवसापासून लेकीने आईला त्याला उचलू दिले नाही. बिछान्यातून खुर्चीत बसवायला सकाळ-संध्याकाळ मदतनीस यायचा.

आता मदतनीस गाव सोडून चालला होता आणि लेकीने शुश्रूषागृहात एक खाट बघून ठेवली होती. आईच्या पाठीचीच तिला काळजी. वाईट काही मनात नव्हते. अट एकच. रविवारी तिच्या डोळ्यांदेखत आईने बाबांना एकटीने खुर्चीत बसवायचे. नाही जमले, तर बाबा तिकडे.

पासष्ट

एवढा होता तो. नोकरी दुकानांतली वजने-काटे तपासायची. माप बरोबर भरले की त्यावर शिक्का, हातोडीचे दोन ठोके. कमी भरले तर ठोका नाही, मग दुकानदाराने पाय धरले तरी. स्वतःचे वजन लग्नापासून पासष्ट. आयुष्यात गर्व केला तो तेवढाच.

ती शिंप्याच्या दुकानात काज-बटण करायची. संध्याकाळी व्यायामशाळेतून घरी आली की तो बिछान्यातून विचारायचा, "आज किती?"

"पन्नास."

"काल?"

"पन्नासच. झालं समाधान?"

"म्हणजे अजून पंधरा किलो मी तुझ्या डोक्यावर बसलोय."

"अहो, गप्प पडा जरा."

"पडलेलोच आहे."

ती त्याच्या सदऱ्याची बटणे आत घेत बसायची. दुसऱ्यांदा घेत होती. धुऊन धुऊन कापड सैल पडते, असे तीच म्हणाली होती.

रविवार

लेक भिंतीला टेकून उभी राहिली. आईला धीर यावा म्हणून काहीबाही बोलत होती. आईला त्याचाही राग येत होता.

पंधरा कमी पडणार, हे तिला ठाऊक होते. तरी पाय रोवले. पाठ ताठ. त्याचा डावा हात गळ्याभोवती घेतला, दोन्ही हात त्याच्या पाठीमागे गुंफले आणि श्वास कोंडून होते नव्हते तेवढे बळ लावले.

तो इतका चटकन वर आला की तिचाच तोल जायला आला.

ती थांबली. हातांना हे वजन ओळखीचे होते. पन्नाससुद्धा नाही. मोठ्या वजनाआधी अंग मोकळे करायला उचलते, ते. त्याच्या पाठीची हाडे तिच्या मनगटांना टोचत होती आणि बटणे आत घेतलेला सदरा पुन्हा सैल लोंबत होता.

"आई, अगं, जमलं की," लेक म्हणाली. "बसव आता."

तिने त्याला सावकाश खुर्चीत ठेवले. तो तिच्याकडे बघत होता. भाजीवाल्याने दिलेला पाव किलो हातात घेऊन बघायचा, तसा.

"किती भरलो?"

"पासष्ट."

"बरोबर पासष्ट?"

"तसूभर कमी नाही."

लेक फोनवर कुणाला तरी सांगत होती की ती खाट आता नको. मग चांगला असलेला डावा हात उचलून त्याने खुर्चीच्या हातावर बोटाच्या पेराने दोन ठोके मारले.

पासष्ट

दुसऱ्या दिवशी मुलीने हसत विचारले, काय झाले रविवारी. जमले, ती म्हणाली. मग आता थोडे हलके घेऊ या, मुलीने सुचवले.

"पासष्ट लाव."

"काकू, नाही उठायचं."

"लाव गं."

मुलीने चकत्या चढवल्या. ती वाकली, दांडी धरली, पाठ ताठ केली आणि ओढले. दांडी जमिनीवरून सुटलीही नाही. मुलगी म्हणाली, सोडा. आरशासमोरची पोरे पुन्हा वळून बघू लागली.

ती तशीच ओणवी, दोन्ही मुठी आवळून, ते हलत नसलेले वजन धरून राहिली.