समोरची खुर्ची

पायसांदू शहरात नदीकाठी लाकडाच्या विस्तवावर मांस भाजणारी एक खानावळ आहे. फेर्मिन आणि ओविदिओ हे दोघे म्हातारे मित्र दर रविवारी दुपारी तिथे जेवायचे. त्या रविवारी बरगड्यांचं ताट आलं, तरी ओविदिओनं सुरीला हात लावला नाही.

“मी स्पेनला चाललोय, मुलाकडे. कायमचा.”

फेर्मिननं घास तोंडात टाकला. “तिकडे विजेच्या शेगडीवर मांस भाजतात म्हणे. उपाशी मरशील, गाढवा.”

“नातवंडं आहेत रे.”

“मग जा की. तुला कुणी धरून ठेवलंय?”

पण फेर्मिन तोच घास कितीतरी वेळ चघळत राहिला.

“काका, मांस चिवट आहे का?” विस्तवापाशी उभ्या आचाऱ्यानं विचारलं.

“नाही, गरम आहे,” म्हणत फेर्मिननं डोळे पुसले.

ओविदिओ गेल्यावरच्या रविवारी फेर्मिन सवयीनं आला. नेहमीचं टेबल मोकळं होतं, तरी तो विस्तवासमोरच्या लांब फळीपाशी, एकटे जेवणाऱ्यांच्या रांगेत बसला. शेजारच्या माणसानं मीठ मागितलं. फेर्मिननं ते दिलं आणि तो माणूस आणखी काही बोलेल म्हणून जरा थांबला. माणूस मान खाली घालून जेवत राहिला.