दाराजवळची पोरं

साल २०१४. लातुरात तेव्हा शिकवणीच्या क्लासचा नुसता सुकाळ होता. चौकाचौकात गुणवंत पोरांचे फलक लागलेले. त्याच वर्षी सरकारचा आणि एका कंपनीचा करार झाला आणि नव्या धामणवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत मोठा पडदा आला. लातूरच्या नावाजलेल्या मास्तरांचे धडे आता खेड्यातल्या पोरांना दिसणार होते. अट एकच. पडद्याच्या वर एक कॅमेरा होता, तो समोर बसलेली पोरं मोजायचा. पोरं कमी भरली तर सातवीचा वर्ग बंद, आणि मुलांनी चार कोसांवरच्या शाळेत जायचं.

सातवीच्या शिक्षिका शबानाबाईंना ही अट खुपली ती इथेच. मुलगे जातील, मुलींना कोण पाठवतंय?

बाई मूळच्या उदगीरच्या. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर नवीन नोकरीवर या गावात आल्या, त्या इथल्याच झाल्या. तेव्हा शाळा पत्र्याच्या शेडात भरायची. फळा लिंबाला टांगलेला, वारा आला की हलायचा, आणि पोरं त्याच्याबरोबर माना हलवत पाढे म्हणायची. काही म्हणजे काही नव्हतं त्या दिवसांत, पण आठवलं की बाईंचा जीव अजून त्या लिंबाखाली जायचा.

पहिल्याच आठवड्यात कंपनीच्या यासेरचा फोन आला. हा त्यांच्याच उदगीरच्या मोहल्ल्यातला पोरगा, त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणणारा.

"खाला, तुमच्या वर्गात चारच पोरं दिसून राहिलीत."

"वर्ग भरलाय रे. येऊन बघ."

तो आला. वर्ग खरंच भरला होता, पण सगळी पोरं कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर, दाराशी, एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखी.

"दारात काय लाडू वाटून राहिले काय?"

बाईंना हसू आलं नाही. "भूकंपात दाराजवळ निजलेले तेवढे वाचले, यासेर. तेव्हापासून इथे लेकराला चालता येण्याआधी शिकवतात, दाराजवळ बस, कडी लावू नको. ही पोरं तेव्हा जन्मलीही नव्हती, पण आयांनी शिकवलेलं सुटतं का? तू पडदाच दारासमोरच्या भिंतीला लाव."

"करारात भिंत ठरलेली हाय, खाला. खिळासुद्धा हलवता येत न्हाई मला."

मग पाहणीचा दिवस ठरला. बाई धोंडाबाईकडे गेल्या. म्हातारीच्या दोन लेकी जुन्या गावात, भूकंपात भिंतीखाली गेल्या होत्या. आता नात सृष्टी सातवीत होती. धोंडाबाईनं हो म्हटलं की सगळी गल्ली हो म्हणायची.

"एक दिवस पोरांना मधे बसू द्या. नाहीतर सृष्टीची शाळा सुटेल."

"आन् दार?"

"उघडं राहील. जबान देते."

"पत्र्याखाली कोंबलं व्हतं आमाला, तवा सगळे मास्तर पळाले, तुमीच तेवढ्या राह्यलात," म्हातारी म्हणाली. "बसवा पोरीला मधी. पर कडी लागली, तर उदगीरला येऊन भांडीन, सांगून ठेवते."

पाहणीला कंपनीचे साहेब आले, बरोबर सरकारी अधिकारी. पोरं रांगेत बसली. सृष्टी सगळ्यात पुढे, तेल चोपडून घातलेल्या दोन वेण्या. उजेडात पडद्यावरचं चित्र धुरकट दिसत होतं.

"दार लावा हो. काही दिसत नाही."

"साहेब, दार राहू द्या उघडं," बाई म्हणाल्या.

"पाचच मिनिटं, मॅडम."

नुसतं लोटलेलं दार वाऱ्यानं पुन्हा पुन्हा उघडत होतं. यासेरनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी नजर वळवून भरलेल्या रांगा मोजल्या. यासेरनं कडी लावली.

चित्र झळकलं. शनीभोवतीची कडी पाहून पोरांनी आ वासला. तेवढ्यात वीज गेली. अंधार झाला, आणि कोपऱ्यातलं नवं इन्व्हर्टर घरघरलं.

या गावात भूकंपाची गोष्ट तशा घरघरीपासूनच सुरू होते. आधी जमीन घरघरली.

"आला!" कुणीतरी ओरडलं.

सगळी पोरं दारावर धावली. यासेरनं कडी काढली, पण दार आत उघडायचं आणि लोंढा त्यावरच रेटलेला. कशीबशी फट पडली, सृष्टीनं तीत हात घातला, आणि मागच्या रेट्यानं दार पुन्हा मिटलं.

धोंडाबाई धावत आली. नातीची बोटं पदरात गुंडाळली. ती भांडली नाही. "उघडं राहील म्हणला व्हतात, बाई," एवढंच बोलून पोरीला घेऊन गेली.

कॅमेऱ्यानं त्या दिवशी पूर्ण वर्ग मोजला. अहवालात शाळेचं कौतुक झालं. पण दुसऱ्या दिवसापासून एकही लेकरू त्या खोलीत शिरलं नाही. बाईंनी लिंबाखाली वर्ग भरवला. तिथे कॅमेरा नव्हता. उन्हाळ्यात सातवी बंद झाली.

यासेर कंपनी सोडून हैदराबादला मोबाईलच्या दुकानात लागला. ईदला खालाकडे येतो. त्या दिवसाचा विषय दोघंही काढत नाहीत. पडदा ग्रामपंचायतीत गेला, त्यावर गाव दारं सताड उघडी टाकून क्रिकेट बघतं. मुलगे चार कोस सायकलीनं गेले. सृष्टी गेली नाही. आता ती लातुरात, क्लासच्या मुलींच्या मेसमध्ये पोळ्या लाटते. दोन बोटं वळत नाहीत, म्हणून तळव्यानं लाटते.

शबानाबाई निवृत्त होऊन उदगीरला आल्या. धोंडाबाई भांडायला येईल म्हणून वाट पाहत राहिल्या. ती आली नाही. ती कधीचीच वारली होती, हेही त्यांना उशिरा कळलं. तरी त्यांच्या घराला कडी लागत नाही. मांजर दुधाला तोंड लावतं, सून कुरकुरते. बाई ऐकून घेतात.