मागच्या खणातली उणे साडेतेरा

मी चष्म्याची काच बोलतेय. साधीसुधी नव्हे, उणे साडेतेरा नंबरची. माझी गरज फार थोड्यांना पडते, पण ज्यांना पडते त्यांचं माझ्यावाचून पान हलत नाही. वीतभर अंतरापलीकडचं सगळं त्यांना धुरकट दिसतं. रूपाने मी काही डोळ्यांत भरणारी नाही. मध्ये पातळ, कडेला जाडजूड, पण कामाला पक्की आहे.

कारखान्यात आम्ही दोघी जुळ्या बहिणी एकदमच घासूनपुसून तयार झालो. एका गृहस्थांच्या दोन डोळ्यांसाठी आम्हाला या दुकानात मागवलं होतं. आम्ही पोहोचेपर्यंत त्यांची बदली झाली आणि ते गेले ते गेलेच. मालकांनी आमचं पाकीट मागच्या खोलीतल्या खणात ठेवलं. "लागेल कुणाला तरी," ते म्हणाले. मलाही तसंच वाटलं.

तेव्हा मालक हवी ती काच स्वतः उठून शोधायचे. रोज लागणारे नंबर पुढच्या खणांत होते, ते त्यांच्या हाताला आपोआप सापडत. आमच्यासारख्या दुर्मीळ काचा मागे. गुडघे कुरकुरायला लागले तसं त्यांच्या जावयाने दुकानात संगणक आणला, एकेक पाकीट बघून नंबर भरले आणि म्हणाला, "बाबा, आता उठायचं नाही. नंबर टाका, कुठल्या खणात आहे ते समोर येईल." लगेच त्याने आपल्या सासूबाईंचा, म्हणजे मालकीणबाईंचा, अधिक दोन नंबर टाकून दाखवला. खण क्रमांकासकट हजर. मालकांना जावयाचं कोण कौतुक वाटलं.

आणि माझा वनवास सुरू झाला.

भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं. कुणीतरी माझाच नंबर मागायचं. मालक आधी 'काच' लिहायचे, मग उण्याची आडवी रेघ, मग साडेतेरा. लांबलचक यादी यायची. ती वरपासून खालपर्यंत वाचून ते म्हणायचे, "नाही हो, साडेतेरा नाही. मागवावी लागेल. तीन आठवडे धरून चाला." मी इथे असून नसल्यासारखी. संताप यायचा, पण पाकिटातल्या काचेने संतापून करायचं काय? रोजचे नंबर मालक अजूनही सवयीने हातानेच काढायचे, त्यामुळे कुणाला शंकाही येईना. जावयाने हौसेने करून दिलेल्या वस्तूत खोट कोण काढणार?

एके दिवशी दुपारी एक जोडपं आलं. नवरा सांगत होता, "हिचे कान तापात गेले. समोरच्याचे ओठ बघून हिला सगळं कळतं. पण परवा चष्मा खुर्चीखाली आला आणि दोन्ही काचा फुटल्या. आता नाकाला नाक लावून बोलावं लागतं. जेवून घे, दार लाव, एवढंच बोलणं होतं बघा."

मालकांनी शोधलं. यादी आली. मी नव्हते.

"तीन आठवडे," त्यांनी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं असावं, कारण ती बाई एकदम म्हणाली, "एवढे नका हो सांगू. हे घरात असतात, पण नसल्यासारखेच. घर नुसतं खायला उठतं."

ती जाईना. मालकीणबाईंना ते बघवलं नाही. "साडेतेरा नसली तरी यादीत चौदा दिसतेय. तेवढ्यापुरती चालेल का?"

"डोकं धरेल त्यांचं," मालक म्हणाले.

"निदान काढून तरी बघू. ती लांबलचक यादी परत कोण चाळणार, चौदाच टाकून खण बघते." त्यांनी उणे चौदा टाकला. "अहो, आता चौदा कुठे गेली? आणि ही साडेतेरा कुठून आली?"

"तू नीट बघितलं नसशील मघाशी."

"नीटच बघितलं होतं. इकडे या."

दोघांनी उणे बारा टाकून पाहिला. बारा गायब, बाकी सगळे नंबर हजर. जो मागावा तोच नेमका दडी मारत होता.

जावयाला फोन लागला. त्याचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. "बाबा, आकड्याआधी आडवी रेघ आली की संगणकातला शोधणारा तिला हुकूम समजतो. 'हे सोडून बाकीचं दाखव' असा हुकूम. रेघ नंबराचाच भाग आहे, हे मी त्याला आधी बजावून ठेवायला हवं होतं. अधिकच्या खुणेचा अर्थ तो 'हे हवंच' असा घेतो. म्हणून आईंचा नंबर बरोबर आला आणि मी निर्धास्त राहिलो."

"म्हणजे माझ्या एकटीच्या डोळ्यांवरून तुम्ही सगळ्या गावाचे डोळे तपासलेत," मालकीणबाई म्हणाल्या.

असे शोध तयार करणाऱ्यांनो, तुम्हाला हात जोडते. मला हात नाहीत, तरी जोडते. माणसं रेघा, ठिपके, चांदण्या काय वाटेल ते लिहितात, आणि ते त्यांच्या गरजेचं असतं. ते तसंच्या तसं वाचायला तुमच्या यंत्राला शिकवा. आपल्याला सोपं तेवढंच टाकून बघू नका.

मालक गुडघ्यांवर हात टेकत मागे आले. खण उघडला. किती दिवसांनी उजेड पाहिला मी. मग यंत्रावर आमच्या कडा घासल्या, वाकडी झालेली जुनी फ्रेम सरळ केली आणि आम्हा दोघींना त्या बाईच्या नाकावर बसवलं.

नवरा दाराशी उभा होता. तिथूनच त्याचे ओठ हलले. "तुझ्या केसांना पीठ लागलंय."

तिचा हात केसांकडे गेला. "आणि हे आत्ता सांगताय? सगळ्या रस्त्याने मी अशीच आले?"

"निघतानाच सांगितलं होतं."

तिने केसांतलं पीठ झटकलं आणि म्हणाली, "अजून काय काय सांगितलंत? सगळं परत सांगा."

तो स्टूल ओढून समोर बसला आणि सांगू लागला. त्याला आता बरेच दिवस झाले. माझ्या कडेचा एक टवका उडालाय, बहिणीवर ओरखडा आहे, पण त्याचं सांगणं काही संपलेलं नाही. बराय, निघते. तो परत बोलायला लागलाय, आणि तिला एक शब्दही चुकवायचा नाहीये.