बॉयलरात साबण

मलकापूरजवळच्या त्या सरकीच्या तेल गिरणीत बॉयलर गेली एकोणीस वर्षं गफ्फारच्या हातात होता, आणि येत्या सोमवारी तो हातातून जाणार होता. सोमवारपासून नवा माणूस; गफ्फारनं फाटकावर बसून गाड्या मोजायच्या.

कारण एकच. वाफ ओली येत होती. वाफेवर सरकी शिजते, मग यंत्रात पिळली जाते. पण आठ दिवस वाफेबरोबर पाणीच वाहून येत होतं. नळ आतून कोणी घण मारल्यासारखे ठोकत होते, सरकीचा चिखल होत होता, आणि पिळून उरलेली ढेप इतकी तेलकट निघत होती की गुरांसाठी ती नेणारे खुशीत होते. तेल विकणारे मालक वकारशेठ मात्र नव्हते.

मॅनेजर रंगरावांनी निदान पहिल्याच दिवशी करून टाकलं होतं. "गफ्फारभाई, तुम्ही काच भरून पाणी ठेवता. वर वाफेले जागाच नाही, मंग ते पाणी घेऊनच निघन ना. मी म्हनतच होतो." हे 'मी म्हनतच होतो' दिवसातून अकरा वेळा व्हायचं. गफ्फारनं मोजलं होतं.

बोलणं खोटं नव्हतं, हीच पंचाईत. गफ्फारच्या उस्तादानं तरुणपणी एक कोरडा पडलेला बॉयलर फुटताना पाहिला होता. त्यामुळे पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेत अर्ध्याच्या चार बोटं वर पाणी, हा उस्तादाचा धडा आणि गफ्फारची खोड. ही चूक त्यानं मुकाट्यानं आपल्या नावावर घेतली, पाणी अर्ध्यावर आणलं. वाफ जरा सुधारली, पण ओलीच. तळाचं क्षाराचं पाणी दोनदाऐवजी चारदा सोडून पाहिलं. फरक चार आण्याचा. सकाळी तर काचेतलं पाणी उकळत्या दुधासारखं उड्या मारायचं.

मग त्यानं बॉयलरचं थोडं पाणी काढलं, गार केलं, बाटलीत भरून खळखळ हलवलं. वर फेस आला आणि गफ्फारचा चहा संपला तरी बसला नाही. फेस असला की वाफ जाताना थेंब ओढून नेणारच. पण फेस आला कुठून? बॉयलरच्या पाण्यात सोडा असतो. सोडा आणि तेल भेटले की साबण होतो, हे या गिरणीतल्या मांजरालाही ठाऊक. सोडा तर होता. तेल कोणी टाकलं?

दुपारी जेवायला तो ढेपेच्या पोत्यांपाशी बसला. पोती भरणाऱ्या पंचफुलाबाई तिथं रंगरावांचा उद्धार करत होत्या. तेलाची टाकी गरम ठेवायला तिच्यात वाफेची नळी फिरवलेली. त्या नळीतून वाफेचं झालेलं गरम पाणी बाहेर पडायचं आणि बाया त्यात डबे धुवायच्या. दहा दिवसांपूर्वी रंगरावांनी ते पाणी वळवून थेट बॉयलरला दिलं. कोळसा वाचला म्हणून त्यांना शाल-नारळ मिळालं. वाफेचं पाणी म्हणजे गाळीव; त्याच्यावर गफ्फारनंही शंका घेतली नव्हती.

"नेलं ते बरंच झालं म्हना," पंचफुलाबाई म्हणाल्या. "डबा धुतला का अधिकच तेलकट होये. दिवाईपासून तेच. सकाई तर निरा तेल."

गफ्फारचा घास हातातच राहिला. "मंग सांगतलं काऊन नाही?"

"इचारलं कोनं, भाऊ?"

टाकीतल्या नळीला बारीक भोक होतं तर. वाफ सुरू असेतो ती तेलाला आत येऊ देत नाही. संध्याकाळी वाफ बंद केली की नळी आतून निवते आणि तेल ओढून घेते. सकाळी पहिल्या पाण्याबरोबर ते बॉयलरात.

शुक्रवारी सकाळी गिरणी सुरू होताना गफ्फारनं वकारशेठना टाकीपाशी उभं केलं, टाकीतून बॉयलरला जाणारा नळ सोडवला आणि पहिलं पाणी स्टीलच्या ताटात धरलं.

रंगराव हसले. "पंचफुलाबाईच्या डब्यावर आता बॉयलर चालवता काय?"

शेठनी ताटात बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, वास घेतला. त्या बोटाला प्रयोगशाळा लागत नव्हती. "रंगराव, हे तं आपलंच तेल हाय."

"थोडी चमक हाय खरी," रंगराव म्हणाले.

"शेठ, उद्यापर्यंत टाईम द्या," गफ्फार म्हणाला. "नाही जमलं तं सोमवारची वाट नका पाहू."

नळ तोडून ते पाणी गटारात सोडलं. बॉयलर निवू दिला, साबणाचं पाणी काढलं, आतून धुऊन नवं भरलं. शनिवारी दुपारी दाब चढला. गफ्फारनं काच पाहिली: पाणी अर्ध्यावर, निवांत. मग त्यानं शेठसमोर वाफेची तोटी उघडली. तोंडाशी वाफ दिसतच नव्हती. टीचभर पुढे जाऊन पांढरी होत होती. कोरडी वाफ अशीच असते. नळांची ठोकाठोक बंद. ढेप कडक निघाली, हातात टचकन मोडली.

"सोमवारी तो नवा माणूस येऊन राह्यला," शेठ म्हणाले. "त्याचं काय करायचं?"

"येऊ द्या ना. दुसऱ्या पाळीले मले माणूस पायजेच व्हता."

शेठ हसले. आता बॉयलरशेजारी नियमांची पाटी लावायची ठरली. अक्षर रंगरावांचं चांगलं, सांगणारा गफ्फार.

"लिहा. एक, काचेत पानी अर्ध्याच्या वर ठेवू नये."

रंगरावांनी टपोऱ्या अक्षरात लिहिलं.

"दोन, टाकीच्या नळीचं पानी बॉयलरले देऊ नये."

खडू थांबला.

"लिहा साहेब," गफ्फार मऊपणानं म्हणाला. "पहिला माह्याच नावाचा हाय. मी काही म्हनलो काय?"