बूट घालून चढा!

मित्रांनो, मी एक जुना चौरंग आहे. निदान आयर्लंडमधल्या या घरात मला चौरंग म्हणतात. खरे तर मी चौरंग नाही, आणि तेच ठणकावून सांगायला मी आज तोंड उघडले आहे. माझा जन्म पूजेसाठी झाला नाही. माझा जन्म पायांसाठी झाला, तेही बूट घातलेल्या पायांसाठी. नाक मुरडू नका. आधी माझी हकीकत ऐका.

मी मूळचा स्वित्झर्लंडमधल्या एका डोंगरी गावचा. १९७१ साली त्या देशातल्या बायकांना देशाच्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क मिळाला. त्यानंतर थोड्याच काळात रोझमारी नावाच्या, पोस्टात काम करणाऱ्या बाई आमच्या गावाच्या कौन्सिलवर निवडून आल्या. पहिल्याच सभेत त्या भाषणाला उभ्या राहिल्या आणि पंचाईत झाली. भाषणाचे टेबल धिप्पाड पुरुषांच्या मापाचे होते आणि बाई चांगल्याच बुटक्या. टेबलामागून नुसती त्यांची टोपी दिसत होती. "अरे, टोपी बोलते आहे!" कुणीतरी ओरडले, आणि सभा खो खो हसत सुटली.

हसणाऱ्यांत उएली सुतारही होता. बायकांनी राजकारणात पडूच नये, असे त्याचे मत. पण रोझमारीबाईंनी टोपी काढून बाजूला ठेवली, लोकांचे हसणे संपेपर्यंत थांबल्या आणि मग आपले भाषण शेवटपर्यंत केले. ते पाहून उएलीला काय वाटले कोण जाणे. त्याने अक्रोडाचे लाकूड तासले, चार आखूड पाय ठोकले आणि मला त्यांच्या दारात आणून आदळले. "वाद घालायचा तर समोरच्याचे तोंड दिसायला हवे," एवढेच तो म्हणाला आणि निघून गेला.

तेव्हापासून त्या गावचे राजकारण मी तळव्यांखालून पाहिले. बाई पहिल्यांदा माझ्यावर चढल्या तेव्हा त्यांचे पाय लटपटत होते. पुढे त्या गावच्या अध्यक्ष झाल्या, एकदा सपाटून हरल्या, पुन्हा निवडून आल्या. पाय मात्र दर वेळी लटपटायचेच. सभेला त्याचा पत्ता नसे. एका वर्षी गावच्या शाळेला शिक्षक मिळेना. वरून आलेले साहेब नुसते "बघू, विचार करू" म्हणत राहिले. बाई माझ्यावर उभ्या होत्या. म्हणाल्या, "तारीख सांगा, मग उतरते." साहेबांना घरी जाऊन जेवायचे होते. त्यांनी तारीख सांगितली!

बाई निवृत्त झाल्या आणि माझ्यावर फुलांच्या कुंड्या आल्या. त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर नागपूरची नंदिनी भाड्याने राहत असे. ती सॉफ्टवेअरमध्ये होती. संध्याकाळी खाली आली की बाई तिला जुन्या सभांच्या गोष्टी सांगत. २०२० च्या सुरुवातीला नंदिनीला डब्लिनमध्ये नोकरी मिळाली, तेव्हा बाईंनी कुंड्या उचलल्या आणि मला तिच्या हातात दिले. "तूही माझ्यासारखीच बुटकी आहेस. लागेल तुला," त्या म्हणाल्या.

डब्लिनबाहेर ॲडम्सटाउनजवळच्या एका वसाहतीत आम्ही राहायला आलो. नंदिनीची आई सुलेखाताई दोन महिन्यांसाठी नागपूरहून आल्या आणि विमाने बंद पडल्याने इथेच अडकल्या. गणपती जवळ आले तशी त्यांची नजर माझ्यावर गेली.

"नंदे, इतका चांगला चौरंग, अन् तू त्याच्यावर चपला ठेवून राहिली?"

झाले! मला घासूनपुसून लाल कपडा घातला आणि घरी केलेला मातीचा गणपती बसवला. मान मिळाला, नाही म्हणत नाही. पण विसर्जनानंतर मी जाऊन बसलो प्रेसवर. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. देवाचा आहे, पाय लागता कामा नये, असा हुकूम सुटला. पुढे व्हिडिओ कॉलवर मला पाहून रोझमारीबाई म्हणाल्या, "मी तर बूट घालून उभी राहायचे त्याच्यावर!" नंदिनीने ते आईला मराठीत सांगितले. सुलेखाताईंनी तडक माझ्यावर गंगाजल शिंपडले आणि मला पुन्हा वर ठेवले. मला पूजा नको होती, मित्रांनो. मला काम हवे होते. कितीतरी महिने मी तिथे चडफडत बसलो.

खाली मात्र कामाचा खोळंबा होता. वसाहतीच्या मागच्या भिंतीत एक फाटक होते. ते ओलांडले की समोरच नंदिनीच्या मुलीची, भार्गवीची शाळा. लॉकडाउनमध्ये वसाहतीच्या कमिटीने त्याला "तात्पुरते" कुलूप लावले. शाळा उघडली, कुलूप काही उघडले नाही. आजी आणि नात मोठ्या रस्त्याने फिरून जात. त्या रस्त्याला फुटपाथ नव्हता. एके दिवशी एका व्हॅनचा आरसा सुलेखाताईंच्या शालीला घासून गेला. भार्गवीचा हात त्यांच्याच हातात होता. 

नंदिनीने कमिटीला किती ईमेल लिहिल्या! ऑनलाइन सभेत तिची पाळी येण्याआधीच वेळ संपायची. शेवटी २०२१ च्या जूनमध्ये समोरच्या हिरवळीवर सभा भरली. सगळे मास्क लावून, अंतर ठेवून उभे होते. नंदिनी मागे होती आणि पुढे उंचच उंच माणसांची भिंत. तिने हात वर केला. कमिटीच्या अध्यक्षाला तो दिसलाच नाही.

"एनीवन एल्स? नो? ग्रँड सो," म्हणजे झाले तर मग, असे म्हणत तो कागद आवरू लागला.

भार्गवी आजीजवळ घराच्या दारात उभी होती. ती ओरडली, "आजी, युअर मॅन कान्ट सी हर!" म्हणजे त्या गृहस्थाला आई दिसतच नाहीये. सुलेखाताईंना इंग्रजी फारसे कळत नसे, पण आपली लेक कुणाला दिसत नाही हे त्यांना दारातूनही दिसत होते. त्या आत आल्या, खुर्चीवर चढल्या, मला खाली काढले आणि पदर खोचून थेट हिरवळीवर गेल्या. माणसे बाजूला झाली. मला त्यांनी अगदी पुढे गवतावर ठेवले.

"चढ याच्यावर."

"आई, अगं बाप्पाचा चौरंग आहे हा! पाय कसा देऊ?"

"बाप्पा कवाच उठून गेला. तो अडवून राहिला का तुले? चढ म्हन्तो ना!"

नंदिनी वाकली, बूट काढू लागली.

"राहू दे तसेच," आई म्हणाली.

मग ते बूट माझ्यावर आले, गवताने ओले झालेले. किती वर्षांनी! तिचे पाय लटपटत होते. मी मनात म्हटले, अगदी बरोबर चालले आहे पोरी, बोल. ती बोलली. व्हॅनबद्दल बोलली, आईच्या शालीबद्दल बोलली. मागून कुणीतरी टाळी वाजवली.

अध्यक्ष म्हणाला, "ठीक आहे, कमिटी विचार करेल."

"तारीख सांगा," नंदिनी म्हणाली, "मग उतरते."

त्याने इकडे तिकडे पाहिले. पाऊस भुरभुरू लागला. कुणी हलेना, मी तर नाहीच नाही.

"मंडे," तो म्हणाला.

सोमवारी कुलूप निघाले, आणि भार्गवी आजीचा हात सोडून फाटकातून पळत गेली.

त्या सभेनंतर सुलेखाताई ओले फडके घेऊन माझ्यापाशी बसल्या होत्या. माझ्यावर बुटांचे ठसे चिखलासकट उमटले होते. ते बघून त्या फडके तसेच ठेवून उठल्या. यंदा गणपती त्या ठशांवर कपडा घालून बसला. त्याची काही तक्रार नव्हती.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी "आम्हाला जपा" असे सांगतात. मी नाही सांगणार. मला प्रेसवर चढवू नका, हात तर मुळीच जोडू नका. मी आता दाराशीच असतो. तुमचे म्हणणे कुणाला ऐकू जात नसेल, तर या आणि बूट न काढता चढा. पाय लटपटले तर लटपटू द्या, मी कुणाला सांगणार नाही.